आबांच्या मांडीवरची बंदूक

सातपूर, नाशिक
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय रोशन,

"शुभीचा हात हालत नाय," असं आबा एकदा म्हणाले होते. तुला आठवणार नाही, तू तेव्हा आईच्या कडेवर होतीस. मळ्यात विहिरीच्या थारोळ्यावर बसून ते बंदूक साफ करत होते. नळी आणि दस्ता सुटे केले होते आणि नुसती नळी माझ्या हातात धरायला दिली होती. ते तेलाचं फडकं फिरवत होते आणि मी श्वाससुद्धा जपून घेत होते. मग ते आईकडे बघून हे म्हणाले. आबांनी माझं कौतुक केल्याचं मला दुसरं काही आठवत नाही, म्हणून हे एवढं एक मी जपून ठेवलं आहे.

फोन केला की तू "ताई, रेंज जातेय" म्हणतेस आणि रेंज खरंच जाते. म्हणून लिहिते आहे.

तुझा निरोप कळला. आबांना बंदुकीचा परवाना तुझ्या नावावर करायचा आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हयातीतच तो वारसाला देता येतो, आणि त्यासाठी दुसऱ्या वारसाने आपली हरकत नाही असं लिहून द्यावं लागतं. दुसरी वारस मी. रोशन, मी सही करणार नाही.

निवडणूक लागली की पोलीस ठाण्याची नोटीस येते, बंदूक जमा करा. तू आणि आबा व्हॅन काढता. सोडायला एक फेरी, निकाल लागला की आणायला दुसरी. वाटेत मिसळ. मला पुंजामामा सांगतो ना, झेंडूचा टेम्पो घेऊन इकडे आला की. "काल बाप-लेक मिसळीच्या हॉटेलाशी दिसली." त्याला काय, तो सहज बोलून जातो. तो गेल्यावर मी ओट्याशी उभी राहून तुमचं टेबल मांडते. आबा इकडे, तू तिकडे, मधे पाव. आबा आपल्या ताटलीतली शेव तुझ्याकडे सरकवताहेत. माझं लग्न होऊन एवढी वर्षं झाली, आबा माझ्याकडे एक रात्र राहिलेले नाहीत. तुझ्याबरोबर मात्र निवडणूक आली की सहल.

आणि तरीही गेल्या दसऱ्याला ते माझ्याकडे आले. न बोलावता. अंगात ताप होता, तरी यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून आले, आणि बंदूक कव्हरात घालून बरोबर घेऊन आले. मी पुरण वाटत होते, तसेच भरलेले हात घेऊन दाराशी धावले. दर दसऱ्याला ती मळ्यात ट्रॅक्टरशेजारी पाटावर मांडतात आणि तू तिला झेंडूची माळ घालतेस. या दसऱ्याला ती माझ्या देव्हाऱ्यासमोर आली. आबांनी मांडीवरून खाली ठेवली नाही, पण हळदकुंकू लावू दिलं. मी कव्हरावरच लावलं. काही विचारलं नाही. मला वाटलं, ती पुढे कुणाची होणार हे सांगायलाच ते आलेत, आणि आबांना तोंडाने सांगता येत नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत तू व्हॅन घेऊन हजर. "चला आबा." त्यांनी निम्मी पुरणपोळी ताटात टाकली. तुला एका दिवसाचाही दम निघाला नाही.

हेही म्हणतात, मोठी तू, हक्क तुझा.

तुझी,
शुभाताई


गिरणारे
१३ फेब्रुवारी २०२४

ताई,

नमस्कार. पत्र आबांना वाचून दाखवलेलं नाही. "काय म्हणती शुभी?" म्हणाले, मी म्हटलं, "बरी आहे, पुरण वाटतेय." "फेब्रुवारीत?" म्हणाले. मी उठून गोठ्यात गेले.

सही करायची नसेल तर नको करूस. पण मिसळीचं सांगते. ते डोक्यात घेऊन तू रात्रभर कूस बदलत असशील, तुझी खोड मला माहीत आहे.

आबा आणि मी त्या हॉटेलात एका टेबलावर आजवर बसलेलो नाही. बसणार कसे? लायसन आबांचं. बंदूक गाडीत टाकून त्यांना आत येता येत नाही. ती घेऊन हॉटेलात शिरायचं नाही. आणि मला तिच्यापाशी बसवून ते आत जातील, तर मी कोण? उद्या कुणी विचारलं, बाई, ही कुणाची, तर मी काय दाखवू? म्हणून आबा गाडीत. मी आत एकटी बसून खाते, मालक विचारतो "एकट्याच?", मग त्यांची ताटली खिडकीतून देते. ते गुडघ्यावर ठेवून खातात आणि रस्सा धोतरावर सांडला की माझ्यावर ओरडतात. येताना गाडी मोकळी असते, तेव्हा थांबता येईल. पण बंदूक सोडून आल्यावर आबांना घर उघडं टाकल्यासारखं वाटतं, ते कुठेच थांबू देत नाहीत.

सहलीतल्या गप्पाही ऐक.

"नळी सुटी केली?"

"केली, आबा."

"भरलेली नाय ना?"

"तुम्हीच बघितली की आता."

"काडतुसं?"

"डब्यात, पुढं. बंदूक मागं."

"लायसन?"

"तुमच्या खिशात."

मग खिसा चाचपतात, लायसनचं पुस्तक बाहेर काढून बघतात, परत ठेवतात. "मंग निघ."

ठाण्यापर्यंत एवढंच. तुझ्याबद्दल बोलतात का, हे तू विचारलं नाहीस पण तुला विचारायचं आहे. नाही बोलत. माझ्याबद्दलही नाही बोलत.

तुझ्याकडे राहत नाहीत कारण ते कुठेच राहत नाहीत. लायसनवाला सातपूरला आणि बंदूक गिरणाऱ्याला, मधे कपाटाच्या कुलपाचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. मावशी गेली तेव्हा दहाव्यालासुद्धा मुक्कामाला थांबले नाहीत.

मला त्या लोखंडाची हौस नाही. पण परवा शेजारच्या केरूतात्यांचं वासरू बिबट्याने नेलं. मळ्यात आम्ही दोघंच. आबांना आता रात्री काठीशिवाय उठता येत नाही. बंदूक घरात असली तर ती ज्याच्या नावावर, तो तरी उभा राहू शकणारा हवा, एवढंच त्यांच्या मनात आहे.

दसऱ्याचं राहू दे. तुझ्याकडे आले होते, बरं झालं. त्यावर मी काही लिहिणार नाही.

रोशनी


सातपूर
२२ फेब्रुवारी २०२४

रोशन,

दसऱ्यावर तू लिहिणार नाहीस, कारण त्या एका दिवशी ते तुझे नव्हते.

तुला वाटलं, एकटीने मिसळ खाल्ल्याचं वाचून माझा जीव थंड होईल. उलट झालं. ते तुझं "नळी सुटी केली? केली, आबा" मी कितीदा वाचलं सांगू? काम करताना मनात म्हणत राहिले. पुढचा प्रश्न काय येणार ते तुला माहीत, तू काय सांगणार ते त्यांना माहीत. आबांनी मला आयुष्यात कधी "मंग निघ" म्हटलेलं नाही. मी निघताना ते नेहमी मळ्यात पाणी धरत असायचे. सासरी निघाले तेव्हासुद्धा चुलत्यांनीच गाडीत बसवलं. आणि तू लिहितेस, ते काही बोलत नाहीत!

मी एका वकिलांना विचारलं. मीसुद्धा अर्ज करू शकते. बिबट्या तुमच्याकडे आहे हे मान्य, पण पुढेमागे तूही सातपूरला येऊ शकतेसच की. आणि ने-आण करायला गाडी आता आमच्याकडेही आहे. हे म्हणतात, "तू नुसतं लायसन कर, नेणं-आणणं माझ्याकडे लागलं. त्यात काय एवढं, डिकीत टाकायची आणि निघायचं."

एक बोलायचं राहून जातं नेहमी, आज लिहिते. तुझा संसार मोडला म्हणून तुला आबा मिळाले. माझा टिकला म्हणून माझे गेले. तू परत आलीस त्या दिवशी मी तुझ्यासाठी रडले होते, पण रिक्षात बसल्यावर पहिला विचार काय आला माहीत आहे? आता ही रोज त्यांना चहा देणार.

शुभा


गिरणारे
१ मार्च २०२४

ताई,

चहा मी देते. तो गार झाला म्हणून ते रोज बोलतात. ये आणि ने तो चहा.

लिहिणार नव्हते. आबांनी गळ्याची शपथ घातली होती. पण "त्यात काय एवढं, डिकीत टाकायची" हे वाचलं आणि पत्र हातात घेऊन मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. मग ठरवलं, शपथ गेली चुलीत.

दसऱ्याला सकाळी मी पंचवटीत होते, झेंडू विकायला. आबा तापाने पडले होते, तरी उठून त्यांनी ट्रॅक्टरशेजारी पाट मांडला, बंदूक ठेवली, काडतुसांचा डबा ठेवला, हळदकुंकू लावलं, माळ घातली आणि ओसरीत येऊन आडवे झाले. दाजी आले होते, नवी घेतलेली गाडी घेऊन. गाडीला माळा हव्या होत्या. आबांचा डोळा लागला. उठून बघतात तर पाट रिकामा. माळ, बंदूक, डबा, काही नाही.

दाजींच्या वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा होती. चार लोकांना दाखवायला त्यांनी ती नेली होती. जोडलेली तशीच, मागच्या सीटवर, वर चादर टाकून, काडतुसं शेजारी. चोरायची नव्हती, ताई, हे मलाही कळतं. संध्याकाळी परत आणून ठेवणार होते. जावई माणूस, सासऱ्याची बंदूक, सण. त्यांना वाटलं, घरचीच तर आहे.

पुंजामामाचा टेम्पो दुसऱ्या खेपेसाठी भरत होता. आबा अंगात ताप घेऊन त्यात चढले. "हाण," म्हणाले. दाजी गंगापूर गावात आपट्याची पानं घ्यायला थांबले होते म्हणून सापडले. पुढे नाकाबंदी दिसत होती. आबा दाजींच्या गाडीत जाऊन बसले, आधी उघडून बघितली, भरलेली नाही ना, मग नळी सुटी केली, कव्हरात घातली, काडतुसं पुढे घेतली, आणि म्हणाले, "चालव आता."

पोलिसाने विचारलं, "सणासुदीचं बंदूक घेऊन कुठं, बाबा?"

आबांनी लायसन दाखवलं आणि म्हणाले, "लेकीकडं पूजेला चाललोय."

पोलिसाला तसं सांगितलं, म्हणून तुझ्याकडे यावं लागलं. हे मला पुंजामामाने सांगितलं, तो मागेच होता. त्यालाही शपथ घातलीय. त्याच्या पोटात एवढं राहिलं याचंच मला नवल आहे.

आबा पाच मिनिटं उशिरा उठले असते तर विनापरवाना बंदूक घेऊन फिरतो म्हणून दाजी आत असते, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली कशी म्हणून आबांचं लायसन गेलं असतं. मी त्यांना न्यायला आले तेव्हा ते तापाने फणफणले होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "शुभीला कळता कामा नये. तिनं पुरण घातलंय."

आता कळलं तुला, ती तुझ्या नावावर का नको ते? तू नकोस असं नाही. तुझं घर नको.

रोशनी


गिरणारे
२४ मार्च २०२४

ताई,

तुझं पत्र नाही. फोन उचलत नाहीस. दाजींना लावला तर त्यांनीही उचलला नाही.

आचारसंहिता लागली. काल बंदूक जमा करून आलो. आबांना उचलून व्हॅनमध्ये बसवावं लागलं, पण बसल्यावर प्रश्न सगळे विचारले. ठाण्यात मोठी रांग होती. पावती घेऊन बाहेर आलो तेव्हा म्हणाले, "शुभीचं पत्र का येत नाय?"

मी सांगून टाकलं, मी तिला दसऱ्याचं लिहिलं म्हणून.

त्यांनी पावतीची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "लय शहाणी. तुला सांगितलं व्हतं ना? तिच्याकडं तेवढाच एक दसरा व्हता."

ताई, मी रागात लिहिलं. खरं तेच लिहिलं, पण ते तुला दुखावं म्हणून लिहिलं. मलाही हेवा वाटायचा की, तुझ्या घरी ते सणाला बसले, कुणीतरी त्यांच्यापुढे पुरणपोळीचं ताट ठेवलं आणि ते जेवले. माझ्यापुढे कधी नीट पाट घेऊन बसत नाहीत.

अजून एक सांगते, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. येताना त्यांनीच व्हॅन थांबवायला सांगितली. आम्ही आत जाऊन बसलो. एका टेबलावर. त्यांना तिखट लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, दही मागितलं. शेव मला दिली नाही.

सहीचं आता मी काढणार नाही.

रोशनी


सातपूर
६ एप्रिल २०२४

रोशन,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि भाकरी थापायला बसले. काय करणार होते दुसरं?

रविवारी हे गाडी पुसत होते. मी विचारलं, "दसऱ्याला काय झालं होतं?"

"काय व्हायचंय?"

मी तशीच उभी राहिले. त्यांनी फडकं पिळलं, परत काच पुसायला लागले. मग म्हणाले, "अगं, गिरणारे ते सातपूर, रस्ता तरी केवढा आहे?"

मी रस्त्याबद्दल विचारलंच नव्हतं. वर गेले. रात्री जेवताना ते म्हणाले, "सासरे गाडीत मला शब्दानं बोलले नाहीत. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं." एवढंच. माणूस वाईट नाही, तुलाही माहीत आहे. पण पहिल्या पत्रातलं तुझं शेवटचं वाक्य मी खोडू शकत नाही. हे घर त्या वस्तूसाठी नाही.

आबा यांना वाचवायला आले होते. म्हणजे मलाच. सगळे म्हणतील, यापेक्षा मोठं काय असतं? मलाही ते कळतं, पण कळून बरं वाटत नाही. मला ती दुपार हवी होती, जशी होती तशी. आबा स्वतः निघाले, त्यांना मी आठवले, ते आले. आता आठवते तेव्हा वेगळंच दिसतं. ते एका हाताने जेवत होते. दुसरा हात कव्हरावर. मी तूप वाढत होते आणि त्यांचं लक्ष जिन्याकडे होतं, व्हॅन आली का म्हणून. हे मला तेव्हाही दिसलं असणार, नाही का? मी पाहिलं नाही.

तू खरं बोलून ती दुपार नेलीस, त्यामुळे मला धड रागावताही येत नाही.

आणि खोटं कशाला बोलू? नाक्यावर काय घडलं असतं हे वाचून मी घाबरले. पण तुम्ही एका टेबलावर बसलात हे वाचलं तेव्हा जे झालं ते त्याहून वाईट होतं. पत्र उपडं ठेवलं. मग उचलून शेव दिली नाही ते पुन्हा वाचलं, आणि मला हसू आलं, आणि त्या हसण्याची लाज वाटली. एवढी मोठी बाई, मुलाच्या लग्नाचं बघायला निघालेली, आणि चिमूटभर शेवेवरून धाकट्या बहिणीचा मत्सर करते. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे मी इतकी वर्षं त्या बंदुकीचाही केला. तिला रोज पुसतात, तिची चौकशी करतात, तिच्यासाठी कुठे मुक्काम करत नाहीत.

सोबत ना-हरकत पाठवते आहे. नोटरीसमोर सही केली. कसली अट नाही. लायसन तुझ्याच नावावर व्हायला हवं. तू नीट नेशील आणि नीट आणशील.

आता एक मागते. सहीच्या बदल्यात नाही. सही देऊन झाली आहे.

ती सध्या ठाण्यात आहे. जूनमध्ये निकाल लागेपर्यंत तिथेच राहणार. कपाट रिकामं आहे, राखायला काही नाही. बंदूक जवळ नसताना आबा तुझ्यासमोर टेबलावर बसू शकतात, हे तूच लिहिलंस. मग माझ्याकडे येऊ शकतात. आठ दिवस म्हणणार होते. आठ नको. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला यावं, आणि ती एक रात्र राहावं. यांच्या गाडीत नको असेल तर मी रिक्षा घेऊन येते. खालच्या मजल्यावरच्या सावित्रीबाई त्यांची खोली द्यायला तयार आहेत, म्हणजे जिना चढायला नको.

तू म्हणशील, पाय दुखतात, शहरात त्यांना झोप येत नाही, मळा कुणावर टाकायचा. ते तर तेवढंही म्हणणार नाहीत. तोंड फिरवून म्हणतील, "पुढच्या खेपेला बघू." उत्तर मला पाठ आहे, रोशन, ते ऐकतच मी मोठी झाले आहे. तरी तू विचार. कामात असताना, जाता जाता नको. समोर बस, चहा हातात दे, गरम असू दे, आणि विचार, की शुभी म्हणतेय, आबा, या खेपेला हात रिकामे घेऊन याल का, आणि माझ्याकडे एक रात्र राहाल का?

तुझी,
ताई